झोपेचं घड्याळ लावायचं कसं: कोकणातल्या घरांसाठी, पहिल्यापासून

"आई रात्रभर जागीच असते", "बाबांना तीनला जाग येते आणि मग दिवसभर चिडचिड", "हल्ली कशातच मन लागत नाही आणि झोप पण नाही", हे आमच्याकडे सिंधुदुर्गात घराघरात ऐकू येतं आणि त्यावर उत्तरं दोनच, एक तर "वय झालं आता, चालायचंच" नाहीतर मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी. या दोन्हीच्या मध्ये करण्यासारखं खूप काही आहे, त्यातलं बरंचसं फुकट आहे, म्हणून हे लिहितेय. या विषयावर कधी काहीच वाचलं नसेल तरी चालेल, मुळापासून सांगते. माझं म्हणणं एकच आहे, रात्रीच्या झोपेचं काम सकाळी उठल्यापासून सुरू करायचं, रात्री दहाला अंथरुणावर पडून झोपेशी झगडायला लागलो तर तोपर्यंत दिवस हातातून गेलेला असतो.

आधी घड्याळाबद्दल थोडं

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण २० हजार पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, त्याचं नाव सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस, नाव लक्षात नाही राहिलं तरी हरकत नाही. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, अंगाचं तापमान कधी उतरावं, बीपी कधी खाली यावं हे सगळं त्याच्या तालावर चालतं, आणि नुसतं मेंदूतच नाही तर लिव्हर, हृदय, आतडी सगळीकडच्या पेशींमध्ये छोटी छोटी घड्याळं असतात. पेशीच्या आतलं हे यंत्र कसं चालतं ते फळमाश्यांवर काम करून शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे घड्याळ बरोब्बर २४ तासांचं नाही, बहुतेक माणसांमध्ये ते २४ तासांपेक्षा काही मिनिटं जास्त घेतं, म्हणजे रोज थोडं मागे पडतं, आणि त्याला रोज जागेवर आणतो तो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात, त्यांचं मुख्य काम बघणं नाही, उजेड किती आहे हे घड्याळाला कळवणं, आणि निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. संध्याकाळी अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं हार्मोन वाढायला लागतं, नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून, आणि शरीर रात्रीच्या तयारीला लागतं. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे झोपेचा दाब, जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि जितका वेळ जागे तितकी झोप दाटते. चहा-कॉफीतलं कॅफिन याच अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. घड्याळ आणि दाब दोन्ही एका वेळेला जुळले की झोप लागते, जुळले नाहीत की माणूस कुशी बदलत राहतो.

मनाचं आणि वयाचं काय

डिप्रेशनमध्ये झोप बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण उलटं पण होतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. ज्यांना आधी फक्त निद्रानाश होता, उदासी नव्हती, अशा लोकांचा माग ठेवणारे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर त्यांना पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता चांगली झोप असणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे झोप हे नुसतं लक्षण नाही, तिथूनही सुरुवात होऊ शकते. बायपोलर, म्हणजे मन कधी फार खाली तर कधी बेफाम वर जातं तो आजार, असलेल्या माणसाची एक-दोन रात्री झोप गेली तर त्यातून मॅनियाचा, म्हणजे त्या बेफाम वर जाण्याचा, झटका येऊ शकतो, अशा घरात जागरणाला फार जपायला हवं.

वयाचं म्हणाल तर उतारवयात गाढ झोप खरंच कमी होते, झोप पातळ होते, मधे मधे जाग येते आणि घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप लवकर येते आणि जाग पण लवकर येते. इथे एक हिशोब घरोघरी चुकतो. आमच्या वाडीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "रातभर डोळ्याक डोळो लागना नाय गो माका." मी वेळा विचारल्या. संध्याकाळी साडेसातला जेवण, आठला अंथरुणावर, तीनला जाग. म्हणजे सात तास! झोप होत होती, ती चुकीच्या जागी पडत होती, आणि तीन ते सहा अंधारात एकटं बसून मनात नको नको ते विचार येत होते. त्यांना गोळीची गरजच नव्हती, आठचे साडेनऊ करायचे होते.

पण "म्हाताऱ्यांना झोप कमीच लागते" हेही खरं नाही. मोठ्या माणसांना निदान ७ तास, ६५ च्या पुढे ७ ते ८ तास असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. गरज तेवढीच राहते, एका दमात झोपायची ताकद कमी होते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास आहे, जवळपास ८ हजार माणसं, २५ वर्षं, २०२१ साली छापून आला, त्यात पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत ६ तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये ७ तास झोपणाऱ्यांपेक्षा डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण साधारण ३० टक्के जास्त दिसलं. यावरून कमी झोपेमुळेच विसरभोळेपणा येतो असं सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखं पण नाही. २०१३ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात झोपेत मेंदूतला कचरा, त्यात अल्झायमरशी संबंध असलेलं बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन पण, जास्त वेगाने धुतला जाताना दिसला, माणसांमध्ये हे नेमकं कसं चालतं यावर अजून वाद चालू आहेत.

पायरी १: आठवडाभर नुसतं लिहा

काही बदलू नका. कॅलेंडरवर किंवा वहीत रोज सकाळी लिहायचं, कितीला पडलो, अंदाजे कितीला लागली, किती वेळा उठलो, शेवटची जाग कितीला, दुपारी किती झोपलो, चहा किती आणि कधी, आणि दिवसभर मन कसं होतं ते एका शब्दात. रात्री घड्याळ बघत बसू नका, सकाळी अंदाजाने लिहिलं तरी पुरे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं तुम्ही विचारून लिहा. वरच्या आजींसारखा उलगडा अर्ध्या घरांत इथेच होतो.

पायरी २: उठायची वेळ धरा, झोपायची सोडा

झोप ठरवून येत नाही पण उठता ठरवून येतं. एक वेळ धरा, समजा सहा, आणि रविवार असो, आदल्या रात्री भजन असो, फार तर तासभर इकडे तिकडे. उशिरा झोपलो म्हणून नऊपर्यंत लोळलं की घड्याळ मागे सरकतं, त्या दिवशी झोपेचा दाब कमी साठतो आणि पुढची रात्र पण जाते. झोपायची वेळ मग आपोआप ठरते. डोळे मिटायला लागले की पडायचं, त्याआधी नाही.

पायरी ३: सकाळचा उजेड, हे सगळ्यात महत्त्वाचं

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण आमच्या घरांचा प्रश्न इथे आहे. कौलारू घर, पुढे ओटी-पडवी, आत माजघर, छपराची वळचण खाली उतरलेली, एखाद-दुसरी काच बसवलेली, त्यातून येईल तेवढाच प्रकाश. उन्हाळ्यात थंडगार वाटतं ते यामुळेच. पण डोळ्याच्या त्या पेशींना लागतो भरपूर उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात, उघड्यावर उन्हात पन्नास हजार किंवा जास्त लक्स, ढगाळ दिवशी सुद्धा बाहेर हजार ते दहा हजार, आणि घरात दिवा लावून दोनशे-तीनशे, माजघरात त्याहून कितीतरी कमी. घरातलं म्हातारं माणूस सकाळी उठून माजघरातल्या खाटेवर बसलं, तिथेच चहा, तिथेच टीव्ही, तर त्याच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळतच नाही. आणि वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळसर उजेड आत कमी जातो, मोतीबिंदू असेल तर अजून कमी. म्हणजे ज्यांना जास्त उजेड लागतो तेच सगळ्यात अंधाऱ्या खोलीत!

त्यात पावसाळा. आगोटीला पडवीला झापं किंवा प्लास्टिक बांधतात, पाऊस आत मारू नये म्हणून, ते बरोबरच आहे, पण मग जून ते सप्टेंबर घर दिवसा पण तिन्हीसांजेसारखं. पावसात काही जणांचं मन उतरतं, सुस्ती येते, दिवसा पेंगतात आणि रात्री टक्क, त्यात एकटेपणा, ओल, बाहेर पडता न येणं हे सगळं असतं, पण कमी उजेडाचा पण वाटा असू शकतो.

करायचं काय, उठल्यापासून तासाभरात बाहेर. अंगणात, खळ्यात, तुळशीजवळ, कुठेही, डोक्यावर आभाळ पाहिजे. स्वच्छ ऊन असेल तर अर्धा तास पुरे, ढगाळ असेल तर पाऊण तास ते तास. सूर्याकडे बघायचं नाही हं, नुसतं उजेडात असायचं. फुलं काढा, झाडांना पाणी घाला, चहा बाहेर आणून प्या. पावसात पडवीची समुद्राकडची किंवा वाऱ्याची बाजू झाकलेली असू दे, पण एक बाजू उघडी ठेवा किंवा तिथे पारदर्शक प्लास्टिक लावा, आणि खुर्ची त्या कडेला बाहेर तोंड करून ठेवा. आजोबांना चालवत नसेल तर त्यांची खाटच दिवसापुरती माजघरातून ओटीवर आणा, हा एक बदल मी कोणालाही पहिला सांगते. रत्नागिरीकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर, तेव्हा थंडीत पाचला उठणाऱ्यांनी उजाडल्यावर परत एकदा बाहेर यायचं.

एक अपवाद, वरच्या आजींसारखं ज्यांना आठलाच झोप येते आणि तीनला जाग, त्यांनी संध्याकाळचं ऊन जास्त घ्यायचं, पाच ते साडेसहा अंगणात किंवा देवळापर्यंत फेरी, आणि पहाटे उठल्या उठल्या मोठा दिवा लावायचा नाही. संध्याकाळच्या उजेडाने घड्याळ मागे सरकतं आणि त्यांना तेच हवं असतं.

पायरी ४: दुपार

जेवून भात अंगावर येतो, वामकुक्षी आपल्याकडे असतेच, ती बंद करा असं मी म्हणत नाही. अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी, बस. दीड-दोन तास ताणून दिली तर रात्रीचा दाब दुपारीच खर्च होतो. कॅफिनचं अर्धं प्रमाण अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, उतारवयात अजूनही वेळ लागू शकतो, तेव्हा चारचा चहा शेवटचा, झोपेची तक्रार असेल तर दोनचा. दिवसा हालचाल पण हवी, बागेत, परसात काम करणारी माणसं चांगली झोपतात याचं कारण शोधायला लांब जायला नको.

पायरी ५: तिन्हीसांजेनंतर

दिवेलागणीनंतर उजेड कमी करत न्यायचा. हल्ली सगळीकडे पांढरेशुभ्र एलईडी लागलेत, जेवण झालं की ट्यूब बंद करून पिवळा बारका दिवा लावा. फोन शेवटचा तासभर लांब, त्यातल्या उजेडापेक्षा मला त्यातल्या मजकुराची जास्त भीती वाटते, भांडणं, बातम्या, शेअर मार्केट, डोकं तापतं आणि शांत व्हायला वेळ लागतो.

आणि मुंबईत असलेल्या मुलांना एक कळकळीची विनंती. तुम्ही ऑफिस, लोकल, जेवण उरकून साडेदहाला गावी व्हिडीओ कॉल लावता, प्रेमानेच लावता, पण आई नऊपासून फोन उशाशी घेऊन झोप अडवून बसलेली असते आणि बोलणं झाल्यावर तासभर तिला झोप येत नाही. सकाळी आठला लोकलमधून किंवा निघायच्या आधी पाच मिनिटं लावा. अंगणात बसून बोल म्हणावं, उजेडाचं काम पण होईल.

जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते, घोरणं वाढतं, म्हणून ती झोपेचं औषध नाही. मशेरीचं तर कोणी बोलतच नाही. कितीतरी बायका झोपायच्या आधी मशेरी लावतात, ती तंबाखूच आहे, त्यातलं निकोटिन मेंदूला जागं करतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. सोडणं उत्तमच, लगेच जमत नसेल तर निदान रात्रीची आधी बंद.

झोप लागायला अंगाचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि एप्रिल-मेच्या दमट हवेत तेच होत नाही. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली तर कातडीकडे रक्त येतं, उष्णता बाहेर जाते आणि झोप जरा लवकर लागते. खिडक्या उघड्या, मच्छरदाणी, सुती चादर.

रात्री जाग आली तर

एक-दोनदा जाग येणं नॉर्मल आहे. अंदाजे वीस मिनिटांत झोप परत आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, जप करा, वाती वळा, झोप आली की परत. अंथरुणावर तळमळत राहिलं की मेंदूला अंथरूण म्हणजे तळमळ अशी सवय लागते. म्हाताऱ्यांसाठी मात्र आधी पडू नये याची काळजी, वाटेत बारका पिवळा दिवा हवा, आणि संडास मागच्या दारी असेल तर बॅटरी आणि चप्पल, फुरसं हा विषारी साप अंधारात दिसत नाही. लघवीसाठी सारखं उठावं लागत असेल तर बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी आहे का आणि ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा.

ज्यांची रात्र कामात जाते

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि रापणकरांचं, मच्छीमारांचं काम तिच्याबरोबर सरकतं, पण शरीराचं घड्याळ चंद्रावर नाही, सूर्यावर चालतं, म्हणून त्यांना कायम दमल्यासारखं वाटतं. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला मध्यरात्र होते, बागेत राखण असते, लोटे-परशुरामला कंपन्यांत रात्रपाळ्या असतात. शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्येच कॅन्सरला बहुधा कारण ठरणाऱ्या गटात टाकलंय, म्हणजे त्रास खरा आहे, त्या माणसाला आळशी म्हणू नका. त्यांच्यासाठी उपाय हा, चोवीस तासांतले कुठलेतरी चार तास रोज तेच झोपेचे ठेवा, काहीही झालं तरी, बाकीचे तास सोयीने. रात्रपाळीला जायच्या आधी डुलकी, चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, घरी येऊन खोली पूर्ण काळोखी आणि घरच्यांनी मिक्सर लावायचा नाही. झोप अनावर असेल तर बाईक चालवू नका, घाटात तर अजिबात नाही.

दशावतार, शिमगा, गणपतीतली भजनं यांचं जागरण मी कोणाला सोडायला सांगणार नाही, माणसांत मिसळणं मनाला तितकंच लागतं. आदल्या दुपारी झोपा, दुसऱ्या दिवशी फार तर तासभर उशिरा उठा, दुपारी अर्धा तास, आणि रात्री लवकर.

डॉक्टरकडे कधी

हे सगळं तीन-चार आठवडे नीट करून बघा. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून आता सीबीटी-आय नावाची बोलण्या-शिकण्याची थेरपी सांगतात, गोळी नंतर. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांचा तोल जातो, पडून खुबा मोडतो, गोंधळल्यासारखं होतं, आणि सवय लागते. पण जे आधीच घेतायत त्यांनी एकदम बंद करायच्या नाहीत, ते धोकादायक आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या.

ज्यांच्यासाठी तीन-चार आठवडे थांबू नये, लगेच डॉक्टरकडे जावं, अशा गोष्टी: जोरात घोरणं आणि मधेच श्वास अडकून दचकणं, हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. स्वप्नात ओरडणं, लाथा मारणं, ही पार्किन्सनची खूप आधीची खूण असू शकते. रात्री पायात कसंतरी होऊन ते सारखे हलवावेसे वाटणं, यात लोह तपासतात. तिन्हीसांजेला वडीलधारं माणूस अचानक गोंधळायला लागणं. आणि दोन आठवड्यांहून जास्त उदासी, पहाटे लवकर जाग, जेवणावरची वासना जाणं. मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, शिवाय जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिकडे जायला लाजायचं काही कारण नाही, डोळ्यांना जातोच ना आपण.

जाताना पहिल्या पायरीची ती वही न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, आयुर्वेदिक सुद्धा, आणि कोणी घोरत असेल तर रात्रीचा एक-दोन मिनिटांचा व्हिडीओ काढून न्या. गोळी लिहून दिलीच तर तिथल्या तिथे विचारा, किती दिवस घ्यायची, बंद कशी करायची, आणि बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का.